टोकियोतल्या जुन्या किस्सातेनमध्ये स्वस्तात दुपारचं जेवण: आई-बाबा आणि लेकीला घेऊन जमेल का?

रानजाई

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही टोकियोला जातोय, मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. मुक्काम उएनोजवळ, मधे क्योतोला जाऊन यायचंय. विमान, हॉटेल, पास सगळं झालंय, अडलंय ते दुपारच्या जेवणाशी.

बाबा पक्के कॉफीवाले. जपानमधली ती जुन्या वळणाची कॉफीहाउसं असतात ना, किस्सातेन, आत काळपट लाकूड, मखमलीच्या खुर्च्या, पिवळे दिवे आणि काउंटरमागे काचेच्या भांड्यात कॉफी करणारे वयस्कर मालक, त्यांचे व्हिडिओ ते रोज रात्री बघतात आणि त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय की एखादं देऊळ कमी बघू पण तिथे एकदा निवांत बसायचंच. मला वाटतंय की बसायचंच आहे तर दुपारचं जेवणही तिथेच करावं. पण पाच माणसं आहोत, रोज बाहेरचं खाणं आहे, त्यामुळे माणशी हजार येनच्या आसपास (आपले साडेपाचशे-सहाशे रुपये) बसलं तर बरं. बसतं का तेवढ्यात? की ती दुकानं आता नुसती फोटो काढायची आणि महागडी झालीत?

आई शाकाहारी, अंडंही नाही, दूध-लोणी-चीज चालतं. बाकी आम्ही सगळं खातो. आणि कुठेतरी वाचलं की तिथे आत सिगरेट ओढतात आणि लहान मुलांना घेत नाहीत, ते खरं आहे का? मेनू जपानीत असेल तर काय आणि कसं मागायचं? ज्यांनी स्वतः तिथे जेवण केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

---

सुमिदाकाठ

रानजाई, जमेल आणि छान जमेल. मी टोकियोत बरीच वर्षं आहे, ऑफिस जिम्बोचोच्या जवळ, त्यामुळे दुपारचं जेवण हा रोजचाच प्रश्न आणि किस्सातेन हे त्याचं माझं आवडतं उत्तर.

आधी पैशाचं सांगतो. जुन्या किस्सातेनमध्ये नुसती एक कॉफी घेतलीत तरी पाचशे ते सातशे येन जातात, ती स्वस्त नाहीच, कारण ती एकेक कप करून देतात आणि तुम्ही त्या खुर्चीचे पण पैसे देत असता. पण साधारण साडेअकरा ते दोनच्या दरम्यान बहुतेक ठिकाणी लंच सेट असतो, एक डिश, बरोबर वाटीभर कोबीचं किंवा लेट्यूसचं सॅलड, आणि कॉफी किंवा चहा, असं सगळं मिळून आठशे ते बाराशे येन. म्हणजे हिशेब केलात तर जेवणाबरोबर घेतलेली कॉफी शे-दोनशे येनला पडते. तीच डिश आणि तीच कॉफी चार वाजता मागितलीत तर बिल दीडपट होतं. म्हणून जायचं असेल तर दुपारीच जा आणि सेटच घ्या, बाकी काही युक्ती नाही यात. पूर्वी पाचशेच्या एका नाण्यात भागायचं अशी दुकानं बरीच होती, आता फार कमी राहिलीत, तांदूळ महागल्यापासून तर करी-राईसचे भाव सगळीकडेच वर गेलेत.

वेळ सांभाळा. बारा ते एक आसपासच्या ऑफिसातली मंडळी येतात आणि पाच जणांना एकत्र जागा मिळणं कठीण, टेबलं दोन आणि चार माणसांची असतात. सव्वा वाजता गेलात तर गर्दी उतरलेली असते आणि सेटही चालू असतो. आणि एकत्र बसायचा आग्रह धरू नका, तीन आणि दोन असे बसलात तर लगेच जागा होते.

भाषेची काळजी तर अजिबात करू नका. अशा दुकानांच्या बाहेर काचेचं कपाट असतं, त्यात प्रत्येक पदार्थाचा हुबेहूब प्लास्टिकचा नमुना, शेजारी किंमत. मालकांना हाताने खूण करून बाहेर बोलवा आणि बोट दाखवा, कोणी काही मनात आणत नाही. 2021 च्या एप्रिलपासून किंमत करासकट लिहायची असा नियमच आहे, त्यामुळे लिहिलंय तेवढंच द्यायचं, टीप नाही, सर्व्हिस चार्ज नाही. बसल्यावर थंड पाणी आणि हात पुसायला ओला रुमाल आपसूक येतो, त्याचे पैसे नसतात. मात्र प्रत्येक माणसामागे काहीतरी एक मागवलंच पाहिजे, ही तिथली रीत आहे, लेकीचं सुद्धा धरा त्यात.

सिगरेटचं आणि लेकीचं वेगळं लिहितो, त्यात थोडी भानगड आहे.

---

तव्यावरचं

वा, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. ताई, तुम्ही, तुमचा नवरा आणि लेक, तिघांनी डोळे मिटून नापोरितान मागवा.

म्हणजे केचपमधली स्पॅगेटी. ऐकून नाक मुरडू नका, कारण इटलीशी तिचा काही संबंध नाही, ती पूर्ण जपानी डिश आहे आणि तिचं घर योकोहामा. तिथल्या न्यू ग्रँड हॉटेलात युद्धानंतर अमेरिकन सैन्याचा तळ होता, सैनिक उकडलेल्या स्पॅगेटीवर केचप घालून खायचे, ते बघून तिथले मुख्य शेफ इरिए शिगेतादा यांनी टोमॅटोचा नीट सॉस करून ही डिश बसवली असं सांगतात. पण किस्सातेनमध्ये जी मिळते ती केचपची, आणि ती तशी करण्याचा मान 1946 साली योकोहामातच निघालेल्या सेंटर ग्रिल नावाच्या साध्या खानावळीकडे जातो. केचप स्वस्त, कांदा स्वस्त, हिरवी ढोबळी मिरची स्वस्त, त्यात दोन-चार कापं हॅमची नाहीतर सॉसेजची, त्यामुळे छोट्या स्वयंपाकघरातून एकट्या माणसाला झटपट काढता येणारं आणि परवडणारं जेवण म्हणून ती देशभरच्या कॉफीहाउसांत पसरली.

काउंटरला जागा मिळाली तर करताना बघाच. स्पॅगेटी जाड असते आणि आधीच उकडून, तेल लावून, गार करून ठेवलेली असते, कित्येक ठिकाणी आदल्या दिवशीची. इटालियन माणूस कपाळाला हात लावेल पण इथे ती तशीच हवी, मऊ आणि जरा फुगलेली, म्हणजे मग परतताना ती केचप धरते. आधी कांदा, हॅम, मिरची परततात, मग चांगले कारागीर केचप आधी पॅनच्या मोकळ्या जागेत ओततात आणि तो चरचरून गडद होईपर्यंत थांबतात, म्हणजे त्याचा आंबटपणा मरतो आणि गोडवा वर येतो, आणि मग स्पॅगेटी टाकून झटके देत देत परततात. कडेला थोडी करपलेली, खमंग, लालभडक अशी प्लेट समोर येते. बरोबर हिरव्या डब्यातलं पावडर चीज आणि टबॅस्कोची बाटली. टबॅस्को जरा सढळ हाताने घाला, आपल्या जिभेला तेवढं लागतंच, आणि खाण्याआधी रुमाल गळ्याशी लावा कारण पांढऱ्या शर्टावर शिंतोडे उडतातच उडतात.

जिम्बोचोत आहातच तर साबोरु माहिती असेल सुमिदाकाठ यांना. 1955 चं दुकान, दाराशी लाकडी कोरीव खांब, आत विटांची भिंत. पण जेवायला शेजारच्या साबोरु 2 मध्ये जायचं असतं, तिथली नापोरितान म्हणजे डोंगर असतो डोंगर, दोघींत एक पुरेल. फक्त दोघींनी एकच मागवायची असेल तर दुसरीने निदान पेय घ्या, वर लिहिलंय तसं.

---

सुमिदाकाठ

हो, साबोरु 2 माझ्या ऑफिसपासून चालत आहे. पण रानजाई, तुम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येताय, तेव्हा जिम्बोचोत जुन्या पुस्तकांची जत्रा असते, ऑक्टोबर अखेरीपासून 3 नोव्हेंबरच्या आसपासपर्यंत रस्त्यावर दुतर्फा पुस्तकांची कपाटं लावलेली असतात. बघण्यासारखी आहे, जरूर या, पण त्या दिवसांत साबोरुच्या दाराशी रांग इतकी असते की आई-बाबांना ताटकळत उभं करणं बरं नाही. शिवाय 3 नोव्हेंबर सार्वजनिक सुट्टी.

आणि माझं प्रामाणिक मत आहे की आई-बाबांना घेऊन प्रसिद्ध दुकानात जाऊच नये. रांग लावून आत गेलं की बाहेर पुढचे लोक उभे असतात, मग निवांत बसवत नाही, आणि निवांत बसणं हाच तर बाबांचा हेतू आहे. त्यापेक्षा ऑफिसांच्या जुन्या इमारती असतात ना, साठ-सत्तरच्या दशकातल्या, त्यांच्या तळघरात जा. युराकुचो स्टेशनला लागून कोत्सु काइकान म्हणून 1965 ची इमारत आहे, तिच्या तळघरात रोयारु नावाचं ऐसपैस किस्सा (किस्सातेनचंच लहान नाव) आहे, तशी जागा तुम्हाला सोयीची, खुर्च्या रुंद, पाच जण मावतील. शिम्बाशीलाही अशा इमारती आहेत. या भागातली गिऱ्हाइकं रोजची, पगारदार, त्यामुळे भाव फार वाढवता येत नाहीत मालकांना. गिन्झात शिरलात की मात्र हजार येन विसरा. बऱ्याच जागांना रविवारी सुट्टी असते कारण ऑफिसं बंद, तेव्हा सोमवार ते शुक्रवार बघा.

आता सिगरेट. 2020 च्या एप्रिलपासून जपानभर खाण्यापिण्याच्या जागी आत धूम्रपान बंद झालं, पण त्याआधीपासून चालू असलेल्या छोट्या दुकानांना, बसायची जागा शंभर चौरस मीटरपर्यंत असेल तर, सूट दिलीय. टोकियोचा स्वतःचा नियम त्याहून कडक, पगारी नोकर असेल तर ती सूट नाही. म्हणजे टोकियोत सूट उरली ती मुख्यतः मालक-मालकीण दोघंच चालवतात अशा दुकानांना, आणि नेमकी तीच दुकानं सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सुंदर असतात. तिथे वीस वर्षांखालच्या कोणालाही आत घेता येत नाही, आई-वडील बरोबर असले तरी. हे मुलं आवडत नाहीत म्हणून नव्हे, कायदाच तसा आहे, त्यामुळे कोणी अडवलं तर वाईट वाटून घेऊ नका. दारावर स्टिकर असतं, सिगरेटचं चित्र असेल आणि त्यावर काट नसेल तर लेकीला घेऊन शिरू नका. शंका आली तर दारातूनच 'किन्-एन देस का?' विचारा, म्हणजे इथे धूम्रपान बंद आहे ना. हो म्हणाले तर आत.

---

मीठभाकर

आईंच्या जेवणाबद्दल मी लिहिते कारण मी स्वतः शाकाहारी आहे आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे टोकियोतच राहते, निशी-कासाईला.

रानजाई, खरं सांगायचं तर किस्सातेनच्या लंच सेटमध्ये आईंसाठी जवळपास काहीच नसतं. करी-राईस बघून मोह होईल पण त्या करीच्या वड्यांत बहुतेक वेळा बीफची नाहीतर डुकराची चरबी असते, वरून भाज्याच दिसल्या तरी. पिलाफ म्हणून जो भात मिळतो तो कॉन्सोमेत शिजवतात, म्हणजे मांसाचा अर्क. नापोरितान 'हामु नुकी' म्हणजे हॅम वगळून मागता येते, ऑर्डर आली की परततात त्यामुळे ते सहज करतात, पण काही ठिकाणी तिच्यातही कॉन्सोमे पावडर असते आणि पॅन तोच. आई किती काटेकोर आहेत त्यावर ठरवा, मी स्वतः नाही खात. सँडविच काकडी-टोमॅटोचं मिळतं पण मेयोनेझ लावलेलं असतं, त्यात अंडं, तेव्हा 'मायोनेझु नुकी' सांगायचं. कॉफी जेली दिसायला फार गोड, बाबा घेतील, पण आईंना देऊ नका, बऱ्याचदा जिलेटिन असतं.

चालेल ते असं: टोस्ट. हसू नका, इथला टोस्ट म्हणजे आपला पाव-बटर नव्हे. बोटभर जाड स्लाइस, वर चिरा देऊन लोणी मुरवलेलं, बाहेरून कुरकुरीत आणि आत कापसासारखा. चीज टोस्ट मिळतो, आणि जिथे मिळेल तिथे ओगुरा टोस्ट घ्या, लोण्यावर गोड शिजवलेल्या लाल अझुकी दाण्यांचा थर, आईंना पुरणाची आठवण येईल आणि पोटही भरेल. टोस्ट आणि मिल्क टी किंवा कॅफे ओले, म्हणजे दुधाची कॉफी, आठ-नऊशे येनमध्ये होतं. पिझ्झा टोस्ट पण छान पण त्यावर सलामी असते, आधी सांगितलं तर काढून देतात. क्रीम सोडा, तो हिरवागार मेलनचा सोडा आणि वर व्हॅनिला आइसक्रीमचा गोळा आणि लाल चेरी, तो लेकीसाठी मागवाच, आइसक्रीममध्ये अंड्याचा बलक असू शकतो म्हणून आईंना मात्र नको.

फोनवर एक वाक्य जपानीत टाइप करून ठेवा, 'निकु, साकाना, तामागो वा ताबेरारेमासेन', मांस, मासे, अंडं खाता येत नाही. बोलून दाखवण्यापेक्षा दाखवलेलं बरं, वयस्कर मालक चष्मा लावून नीट वाचतात आणि मग मेनूवर बोट ठेवून सांगतात काय चालेल.

माझा सल्ला, आईंना हॉटेलवरून थोडं खाऊन निघू दे किंवा जवळ दशम्या, ठेपले काहीतरी ठेवा, ते बाहेर बाकावर बसून आधी खा, दुकानात आपलं खाणं उघडायचं नाही. मग किस्सातेनमध्ये टोस्ट आणि चहा. नाहीतर बिचाऱ्या उपाशी बसतील आणि बाकीच्यांनाही खाववणार नाही.

---

तव्यावरचं

मीठभाकर ताई, बाकी सगळं पटलं पण 'जवळपास काहीच नसतं' हे जरा जास्त होतंय. जाड लोण्याचा टोस्ट, सॅलड आणि कॉफी हे इथल्या कित्येक म्हाताऱ्या बायकांचं रोजचं दुपारचं जेवण आहे, मी बघतो ना. सॅलडवरचं ड्रेसिंग तेवढं वेगळं मागायचं.

---

मीठभाकर

त्यांचं होत असेल, पण परदेशात दिवसभर चालणाऱ्या आपल्या आईचं तेवढ्यावर भागत नाही. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा तीन वाजता त्यांना चक्कर यायला लागली, म्हणून काळजीने लिहिलं.

---

नागोयाची_सकाळ

एक वेगळी बाजू मांडतो. दुपारच्याऐवजी सकाळचा विचार का नाही करत? आमच्या नागोयाकडे सकाळी किस्सात गेलं आणि फक्त कॉफी मागितली की तिच्याच पैशात टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं, त्याला मॉर्निंग म्हणतात. इचिनोमिया म्हणून आमच्या शेजारचं गाव आहे, पन्नासच्या दशकात तिथे कापडगिरण्या जोरात होत्या, गिरणीत मागांच्या आवाजामुळे बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून मालक लोक सौद्याच्या गोष्टी करायला कॉफीहाउसात येऊन बसायचे, दिवसातून अनेकदा, मग कुठल्याशा दुकानदाराने रोजच्या गिऱ्हाइकांना कॉफीबरोबर शेंगदाणे आणि अंडं द्यायला सुरुवात केली. असा इचिनोमियाचा दावा आहे, दुसरी गावंही आपापला सांगतात.

टोकियोत नागोयाइतकं सढळ नाही पण नागोयात 1968 साली सुरू झालेल्या कोमेदा या कॉफीहाउसांच्या साखळीच्या शाखा टोकियोतही भरपूर आहेत, तिथे उघडल्यापासून अकरापर्यंत कुठलंही पेय घेतलं की टोस्ट फुकट, आणि बरोबर अंड्याऐवजी ओगुरा अझुकीचा पर्याय असतो, आईंचा प्रश्न सुटला. इंग्रजी मेनू असतो, बाकं रुंद, लहान मुलांची सवय आहे त्यांना. मालक काचेच्या भांड्यात कॉफी करताना दिसणार नाही हे खरं, बाबांचं समाधान तिथे होणार नाही. पण एखाद्या पावसाळी दिवशी किंवा आई दमल्या असतील तेव्हा हाताशी असू दे. आणि तिथले सँडविच फोटोत दिसतात त्यापेक्षा मोठे येतात, दोघांत एक मागवून बघा आधी.

---

रानजाई

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खरंच खूप आभार. मीठभाकर ताई, दशम्या नक्की बरोबर घेते, आणि सासूबाईंचं वाचून मी ते वाक्य आत्ताच फोनवर टाकून ठेवलं.

ठरतंय ते असं, एक दुपार युराकुचोच्या बाजूला, कामाच्या दिवशी, सव्वा वाजता. लेक आणि आम्ही दोघं नापोरितान, आईला चीज टोस्ट आणि कॅफे ओले, बाबांना काय हवं ते.

दोन प्रश्न अजून. बाबांना ती काचेची, सायफनची कॉफीच हवीय, ती सेटमध्ये मिळते का? आणि क्योतोमध्ये काय? आणि जेवण झाल्यावर किती वेळ बसलं तर चालतं?

---

जुनीपानं

उशिरा येतेय धाग्यावर. क्योतोचं मी सांगते, तिथे शिकायला होते.

तेरामाचीच्या बाजारपेठेत स्मार्ट कॉफी म्हणून आहे, 1932 पासून. खाली कॉफी आणि हॉटकेक, आणि दुपारचं जेवण वरच्या मजल्यावर, तिथे जुन्या पद्धतीचं पाश्चात्त्य जेवण मिळतं, हॅम्बर्ग (म्हणजे खिम्याची भाजलेली जाड टिक्की), ऑम्लेट राईस, क्रोकेट वगैरे. हजाराच्या थोडं वर जाईल पण चव आणि जागा दोन्ही त्या मानाची आहे. फ्रान्सुआ 1934 चं, आता सरकारी नोंदीत सांस्कृतिक वारसा म्हणून आहे, घुमटासारखं छत, पण तिथे जेवण म्हणून जाऊ नका, कॉफी आणि केक घ्या.

हे जाता जाता लक्षात ठेवा की प्रत्येक जुन्या किस्सात जेवण मिळतंच असं नाही. एक तर मालकाची मर्जी. टोकियोत गिन्झाला लाम्ब्र आहे, 1948 चं, ते सुरू करणारे सेकिगुची इचिरो शंभरी ओलांडेपर्यंत दुकानात येत राहिले आणि 2018 मध्ये गेले, तिथे कॉफीशिवाय काही नाही, बाबांना एकट्याला पाठवा तिकडे. शिबुयाला 1926 चं लायन आहे, तिथे शास्त्रीय संगीत ऐकायला बसतात आणि बोलायचंही नसतं, लेकीला घेऊन तर नाहीच. आणि दुसरं म्हणजे परवान्याचं, 2021 पर्यंत किस्सातेनचा परवाना वेगळा होता, त्यावर दारू विकता यायची नाही आणि खरा स्वयंपाकही करता यायचा नाही, ज्यांना जेवण द्यायचं त्यांना खानावळीचा परवाना काढावा लागायचा. आता दोन्ही एक झालेत, पण जी दुकानं चाळीस-पन्नास वर्षं फक्त टोस्टवर चालली त्यांच्याकडे चुलीची जागाच नाही.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. जपानमध्ये पहिलं कॉफीहाउस उएनोलाच निघालं, 1888 मध्ये, तुम्ही राहणार त्याच भागात. ते काही वर्षांतच बंद पडलं पण पुढे ही दुकानं इतकी वाढली की 1981 साली देशात दीड लाखाच्या वर होती. त्याच्या आदल्याच वर्षी हाराजुकुत दोतोर या स्वस्त कॉफीच्या साखळीचं पहिलं दुकान निघालं, दीडशे येनला कॉफी, मग 1996 मध्ये स्टारबक्स आलं, मग 2013 मध्ये कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये शंभर येनला चांगली कॉफी मिळायला लागली, आणि 2016 पर्यंत आकडा सत्तर हजारांच्या खाली आला. आपल्याकडे मुंबईत इराण्यांची जी गत झाली तीच, मालक थकले, मुलांना नको आहे, जागेला भाव आला. म्हणून मला वाटतं की स्वस्त सेट घ्यायला संकोचू नका, दुपारची भरलेली टेबलंच त्यांना जगवतात, चार वाजता एकटं बसून एक कप घेणाऱ्यांवर भाडं निघत नाही. रोज एखादं बंद होतंय आणि बाबांना ते आत्ता बघायला मिळतंय, त्यांना न्याच.

---

सुमिदाकाठ

बसण्याचं: कॉफी संपल्यावर अर्धा तास सहज बसा, कोणी उठवत नाही. रुनोआरु नावाची टोकियोची जुनी साखळी आहे, तिथे तर बराच वेळ बसलात की वरून गरम हिरवा चहा आणून देतात, बसा आरामात या अर्थाने. फक्त बाहेर माणसं थांबलेली दिसली तर उठावं. टेबलावर बिलाची चिठ्ठी पालथी ठेवलेली असते, ती उचलून दाराशी गल्ल्यावर न्यायची, टेबलावर पैसे ठेवायचे नाहीत.

सायफनचं: प्रत्येक ठिकाणी नसतं. बऱ्याच जागी कापडी गाळणीतून धार धरून करतात, तीही बाबांना आवडेल, दाट आणि कडक असते. सायफन हवाच असेल तर आत शिरण्याआधी काचेतून काउंटरवर नजर टाका, दोन काचेचे गोळे एकावर एक लावलेले दिसतात. खालच्या गोळ्यात पाणी, खाली ज्योत, पाणी तापलं की नळीतून वर चढतं आणि वरच्या गोळ्यातल्या कॉफीत मिसळतं, मालक बांबूच्या पट्टीने ढवळतो, ज्योत काढली की खालचा गोळा गार होतो आणि सगळी कॉफी फडक्यातून सुर्रकन खाली ओढली जाते. तो शेवटचा क्षण पटकन होतो, बाबांना काउंटरजवळच बसवा. जिथे सायफन आहे तिथे सेटमध्ये बहुधा तीच येते, पण दुपारच्या गर्दीत काही जण सेटची कॉफी एकदम जास्त करून ठेवतात. तसं असेल तर पन्नास-शंभर येन जादा देऊन मेनूतली कॉफी बदलून देतात का विचारायला हरकत नाही, मला बऱ्याचदा दिलीय.

ऑर्डर घेताना विचारतात, कॉफी जेवणाबरोबर आणू की नंतर. 'शोकुगो नि' म्हणा, म्हणजे जेवणानंतर. नाहीतर नापोरितान आणि कॉफी एकदम येते आणि कॉफी गार होते.

---

रानजाई

'शोकुगो नि' लिहून घेतलं. बाबांना हा सगळा धागा वाचून दाखवला, ते म्हणाले लाम्ब्रला मी एकटा जाईन, रस्ता तेवढा काढून दे. कार्ड चालतं का या ठिकाणी?

---

सुमिदाकाठ

साखळीच्या दुकानात चालतं, जुन्या घरगुती दुकानांत बऱ्याच ठिकाणी फक्त रोख. हजाराच्या नोटा आणि थोडी शंभरची नाणी जवळ ठेवा, दहा हजाराची नोट दुपारच्या गर्दीत पुढे करू नका, सुट्टे काढताना मालकांची धावपळ होते. लाम्ब्र गिन्झाच्या आठव्या चोमेला (चोमे म्हणजे पत्त्यातला विभाग) आहे, शिम्बाशी स्टेशनवरून चालत जवळ पडतं, बाबांना सोपं जाईल. जायच्या आदल्या दिवशी कुठला दिवस बंद असतो ते मला विचारा, मी येता-जाता बघून सांगतो.